आपला तो आवाज

गोंगाट म्हणजे दुसऱ्याने केलेला आवाज, अशी एक व्याख्या मी कित्येक वर्षे मनाशी बाळगून होतो. ती कधी कागदावर उतरवली नव्हती. पण वागण्यात होती. शेजारच्या लग्नात वाजतो तो बँड आणि आपल्या मुलीच्या लग्नात वाजतो तो मंगलध्वनी. शेजाऱ्याचे नातवंड किंचाळते, आपले रडते; तेसुद्धा बिचाऱ्याचे पोट दुखत असेल म्हणून. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, ही म्हण मुलांबद्दल आहे असे आपण समजतो. ती आवाजालाही तितकीच लागू पडते. आता मी जे सांगणार आहे ते न्हाणीघरातल्या एका पंपाविषयी आहे. दिवाळी अंकात पंपाविषयी काय वाचायचे, असे वाचकांच्या मनात येईल. मलाही आधी तसेच वाटले. पण तेहतीस वर्षे शाळेत मुलांना सुभाषिते शिकवून जे मला कळले नाही ते या यंत्राने शिकवले, तेव्हा त्याचे ऋण कुठेतरी मान्य केले पाहिजे.

सोलापूरकराने आवाजाची तक्रार करावी यात थोडी कृतघ्नताच आहे. हे गाव आवाजावर वाढले. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या, आणि गावाने आपले घड्याळ त्यांच्या भोंग्यांना लावून टाकले. माझ्या लहानपणी आई भोंग्यावर कुकर नव्हे, चूल पेटवीत असे. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे मुके झाले. पण पूर्व भागात यंत्रमागांची खटखट चालूच राहिली. ज्या सोलापुरी चादरीत आपण सुखाने झोपतो, तिच्या प्रत्येक वीतभर विणीत कुणाच्या तरी कानाचा अंश गेलेला असतो, हा विचार मात्र पांघरताना कुणी करीत नाही. मीही केला नव्हता.

उलट मी स्वतःला शांततेचा भक्त समजत असे. गड्ड्याच्या यात्रेतले कर्णे, मिरवणुकांतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती, मध्यरात्री रस्त्यात होणारे वाढदिवस, या सर्वांविरुद्ध मी स्थानिक वर्तमानपत्रांत पत्रे लिहिली आहेत. त्यांची कात्रणे माझ्यापाशी आहेत. या बाबतीत थोरांची संगत मला लाभलेली आहे, याचाही मला अभिमान होता. कोनिग्सबर्गच्या कांटने १७८४ साली नगरप्रमुखाला पत्र लिहून घराजवळच्या तुरुंगातील कैदी मोठमोठ्याने भजने म्हणतात म्हणून तक्रार केली होती. निदान खिडक्या लावून गा म्हणावे, एवढेच त्याचे मागणे होते. शोपेनहौअरने १८५१ साली गोंगाटावर एक स्वतंत्र निबंधच लिहिला आणि रस्त्यात चाबूक कडाडवणाऱ्या गाडीवानांना मनसोक्त शिव्या दिल्या. लंडनच्या कार्लाइलने शेजाऱ्यांचे कोंबडे आणि पियानो यांना कंटाळून घराच्या माथ्यावर एक निःशब्द खोली बांधून घेतली. पैसा ओतला, आणि जवळचे आवाज थांबले तरी दूरचे ऐकू येऊ लागले. ही माणसे मोठी, त्यांचा त्रासही खरा. पण आज त्यांच्याकडे पाहताना एक गोष्ट माझ्या ध्यानात येते. या सर्वांनी गोंगाटाचा विचार केला तो ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसून. माझ्यामुळे कुणाची झोप मोडत असेल का, हा प्रश्न घेऊन बसलेला तत्त्ववेत्ता माझ्या वाचनात तरी आलेला नाही.

आता पंपाकडे वळतो. सोलापूर आणि पाणी यांचे नाते सांगायला नको. एकोणिसाव्या शतकातला हिप्परग्याचा तलाव झाला, १९८० साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले, शंभरएक किलोमीटरचा प्रवास करून ते पाणी शहरात आले. तरी नळाला रोज पाणी, हे सुख या गावाने फार थोडे पाहिले. पाणी काही दिवसांआड येते, हे इथल्या माणसाने वर्षानुवर्षे अंगवळणी पाडून घेतले. म्हणून प्रत्येक इमारतीत जमिनीखाली एक हौद, गच्चीवर एक टाकी आणि दोहोंच्या मध्ये एक मोटर असतेच. आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर. टाकी डोक्यापासून जेमतेम दोन मीटरवर. दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब हवेच्या दाबाएवढा असतो, असा शाळेतला हिशेब. त्याच्या पाचव्या हिश्श्याने शॉवरमधून पाणी ठिबकते, पडत नाही. इमारतीत जो जितका वर, त्याला दाब तितका कमी. समाजात बहुधा याच्या उलटे असते.

माझा खांदा आखडला. वरून बादलीतले पाणी घेणे जड जाऊ लागले. डॉक्टर म्हणाले, गरम पाण्याच्या धारेखाली रोज दहा मिनिटे उभे राहा. मुलाने पुण्याहून येऊन प्रेशर पंप बसवून दिला. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो. नळ मिटला की बंद. मागल्या बाल्कनीच्या फरशीत चार बोल्ट ठोकून त्याला घट्ट बसवले. ‘एकदम फिट आहे, हलणार नाही,’ असे पंप बसवणारा म्हणाला, तेव्हा मला समाधान वाटले. पहाटे पाच वाजता मी धारेखाली उभा राहत असे. पंपाची मंद घरघर माझ्या स्तोत्राला तंबोऱ्यासारखी साथ करी. हे वाक्य मी एका मित्राला पत्रात लिहिलेही होते.

सातआठ महिन्यांनी खालच्या मजल्यावरची सूनबाई वर आली. तिचा नवरा माझा विद्यार्थी; त्यामुळे घरातली सगळी मला सरच म्हणतात. दाराशी उभी राहून, पदराचे टोक बोटाला गुंडाळीत ती म्हणाली, ‘‘सर, राग मानू नका. मामंजींना झोप लागत नाही. तुमच्या मोटरचं काही करता येईल का?’’

मी राग मानला नाही. त्याहून वाईट केले, मी आश्चर्य मानले. कारण तिचे मामंजी बहिरे होते. चाळीस वर्षे त्यांनी यंत्रमागावर काढली होती. त्यांच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागे, आणि श्रवणयंत्र ते झोपताना काढून ठेवीत. दिवाळीतल्या फटाक्यांनी ज्यांची पापणी लवत नाही, त्यांना माझ्या पंपाची घरघर ऐकू येते? तिच्यासमोर मी हसलो नाही, पण हसू आतल्या आत जिरवलेले तिला दिसले असावे. ‘‘बघतो हं,’’ म्हणालो, आणि ती गेल्यावर मी माझी बाजू मांडायला बसलो. समोर कुणी नव्हते; तरी बाजू फार चांगली मांडली गेली.

पहिला मुद्दा: मला स्वतःला आवाजाचा त्रास होत नाही, आणि मी तर पंपाच्या जवळ असतो. दुसरा: पंप दिवसातून दहा मिनिटे चालतो, चोवीस तासांत दहा मिनिटे म्हणजे काय? तिसरा: मी हे चैनीसाठी करीत नाही, खांद्यासाठी करतो. चौथा, आणि माझ्या मते अभेद्य, कायद्याचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले; वर्तमानपत्रांतल्या पत्रांसाठी मी ते अभ्यासले होते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा. मी नातवाकडून मोबाइलमध्ये आवाज मोजायचे साधन घेतले आणि बंद दाराच्या अलीकडे उभे राहून मोजले. काटा चाळिशीच्या आसपास. मी निर्दोष ठरलो. आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकाच खुर्चीत बसले की न्याय फार लवकर मिळतो.

तरी रविवारी मी खाली गेलो. खरे सांगायचे तर चौकशीसाठी नव्हे. माझे मोजमाप त्यांना दाखवावे, म्हणून. पत्नीला सांगून ठेवले होते की मी खालून फोन केला की शॉवर सोड.

आमच्या मागल्या बाल्कनीच्या बरोबर खालची त्यांची बाल्कनी. ती बंद करून आजोबांची खोली केलेली. एक लोखंडी कॉट, भिंतीला लागून. कॉटच्या वरच्या बाजूने आमचा नळ खाली उतरलेला, भिंतीला पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेला. आजोबा उठून बसले. ‘‘बसा की सर.’’ मी कॉटवर बसलो आणि फोन केला.

कानाला फारसे काही ऐकू आले नाही. एक दबकी घुमट, दूर कुठेतरी चक्की चालावी तशी. मी मोबाइल पुढे करणार एवढ्यात आजोबांनी माझा हात धरला आणि कॉटच्या लोखंडी दांडीवर ठेवला. दांडी जिवंत होती. एक बारीक, न थांबणारी थरथर तळव्यातून मनगटात आणि मनगटातून कोपरात चढत होती. मग त्यांनी मला खुणेने आडवे व्हायला सांगितले. मी संकोचत आडवा झालो. उशीला डोके टेकले आणि ती थरथर दातांत येऊन बसली. माझ्याच घरचा पंप माझ्या कवटीत चालू होता.

‘‘कानाला नाही सर,’’ ते म्हणाले, ‘‘हाडाला ऐकू येतंय.’’

पंपाची मोटर मिनिटाला अठ्ठावीसशे-एकोणतीसशे फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सत्तेचाळीसच्या आसपास हिसके. शिवाय विजेच्या प्रवाहाची सेकंदाला शंभराची गुणगुण. हा हिसका हवेत गेला तर विरतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागी आवाज सहा डेसिबलने उतरतो. पण बोल्ट, स्लॅब, नळ आणि भिंत यांच्यातून गेला तर काँक्रीट त्याला सांभाळून, इमानाने पलीकडे पोचवते. माझे डेसिबल हवेत मोजलेले होते. माझा अपराध काँक्रीटमधून गेला होता. कायद्याच्या काट्याला तो दिसणारच नव्हता.

पण खरा धक्का पुढे होता. मी कानाशी तोंड नेऊन म्हणालो, ‘‘आजोबा, पहाटे दहाच मिनिटं असते ना?’’ त्यांनी मान हलवली. ‘‘नाही की. रात्री पण सुरू होते. दर वीस मिनिटाला. दोन-तीन सेकंद. मग बंद.’’ मला पटेना. ते म्हणाले, ‘‘मी मोजलंय.’’

वर येऊन पाहिले तर खरेच होते. शौचालयाच्या टाकीची वाटी झिजली होती, पाण्याची केसाएवढी धार सतत गळत होती. त्या गळतीने नळीतला दाब हळूहळू उतरे आणि ठरावीक पातळीला आला की पंप दचकून उठे, दोन सेकंद चाले आणि झोपी जाई. मी गाढ झोपेत असे. रात्रभरात वीसपंचवीस वेळा खालच्या म्हाताऱ्या माणसाला मी हलवून जागे करीत होतो, आणि पहाटे उठून शांतिपाठ म्हणत होतो. माझ्या अपराधाचा संपूर्ण हिशेब माझ्याकडे नव्हताच. तो ज्याच्यावर अपराध झाला त्याच्याकडे होता. हे वाक्य लिहायला सोपे आहे. ते कळायला मला बारा पायऱ्या उतराव्या लागल्या.

आपल्याकडे नीतीचा पाया म्हणून आत्मौपम्य सांगतात. दुसऱ्याच्या सुखदुःखाचे माप आपल्या सुखदुःखावरून घ्यावे. आपल्याला बोचते ते दुसऱ्याला बोचत असणार, असे जाणून वागावे. हे मी तेहतीस वर्षे फळ्यावर लिहिले. तत्त्व थोरच आहे. पण त्यात एक फट आहे ती मला आता दिसली. मी आजोबांच्या जागी स्वतःला ठेवले ते माझे कान घेऊन, माझी झोप घेऊन, माझी कापसाची गादी घेऊन. त्या मापाने त्यांचे दुःख शून्य येत होते. ‘मी बहिरा असतो तर मला काहीच ऐकू आले नसते,’ हा माझा तर्क आत्मौपम्याचाच होता आणि तो साफ चुकीचा होता. बहिऱ्या माणसाचे हाड कसे ऐकते हे धडधाकट कानाच्या माणसाला कल्पनेने कळत नाही. कल्पनेचा आपल्याला फार भरवसा असतो. ती आपल्याला दुसऱ्याच्या दारापर्यंत नेते हे खरे. पण आत शिरताना बहुधा आपलेच सामान घेऊन शिरते.

आगरकरांना ज्याचा आदर होता त्या मिल्लने १८५९ साली स्वातंत्र्यावर लिहिताना अशी रेघ आखली की दुसऱ्याला इजा होत नाही तोवर प्रत्येकाला आपल्या मनाप्रमाणे वागू द्यावे. ही रेघ चांगली आहे, आणि लोकशाहीत तिच्यावाचून चालत नाही. पण ती वापरताना आपण मनात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरतो: इजा झाली तर तो बोलेल. बोलला नाही म्हणजे इजा नाही. मी आठ महिने हेच धरून चाललो होतो. म्हणून मी आजोबांना विचारले, इतके दिवस बोलला का नाहीत?

ते बराच वेळ गप्प होते. प्रश्न ऐकू आला नाही असे वाटून मी तो पुन्हा ओरडणार होतो. मग म्हणाले, ‘‘काय बोलायचं सर. आमच्या शेडच्या मागं घरं होती. मी चाळीस वर्षं माग चालवला, रातपाळीला पण. त्या घरातल्या लोकांची किती झोप मोडली असंल. कोण आलं नाही सांगायला. आता माझी मोडली. म्हटलं, फिटू दे थोडं.’’

मला काय बोलावे सुचेना. मी त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ संमती असा लावला होता. सूनबाई आली तेव्हा तो भिडेचा असावा असे वाटले. सरांना कसे सांगायचे, म्हणून. आणि प्रत्यक्षात हा माणूस रात्री जागा राहून आपले जुने देणे फेडीत होता. ज्याने पोटासाठी आवाज केला आणि त्यात स्वतःचे कान दिले, तो ऋणाईत. आणि मी, कात्रणांची वही बाळगणारा, धनको! बाहेर कधी उच्चारलेही न गेलेले हे हिशेब किती जण किती घरांत मांडीत असतील. न बोलणाऱ्याला त्रास नाही, असे म्हणणारा माणूस निर्दय असतोच असे नाही. तो फक्त वरच्या मजल्यावर राहत असतो.

यानंतर पंपाचे काय केले तेही सांगितले पाहिजे. पश्चात्ताप झाला पण पंप तसाच राहिला, असे झाले असते तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. पहिल्यांदा शौचालयाच्या टाकीची वाटी बदलली. चाळीसएक रुपयांत आजोबांच्या रात्री परत मिळाल्या. मग प्लंबरला बोलावले. त्याने बोल्ट काढून पंपाखाली टायरच्या रबराचे जाड, टणक तुकडे घातले आणि बोल्ट पुन्हा घट्ट आवळले. ‘आता बघा,’ म्हणाला. मी खाली जाऊन कॉटच्या दांडीवर हात ठेवला. थरथर तेवढीच, किंबहुना थोडी अधिक. आजोबांनी मान हलवली आणि हाताच्या दोन तळव्यांनी मला खूण करून दाखवली: एकावर एक दाबलेले, ताठ. मग वरचा तळवा किंचित खाली जाऊ दिला. ‘‘दबलं पाहिजे,’’ ते म्हणाले. ‘‘मागाखाली आम्ही घातलं होतं. दबत नसलं तर रबर आणि दगड एकच.’’

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे मी मागाहून एका अभियंता मित्राकडून समजून घेतले. पंप ज्याच्यावर बसतो त्या तुकड्यालाही स्वतःचा एक झोका असतो. तो पंपाच्या हिसक्याच्या जवळपास असला तर थरथर कमी होण्याऐवजी वाढते. तो हिसक्याच्या एक-तृतीयांश इतका संथ असावा लागतो, आणि त्यासाठी पंपाच्या भाराने तुकडा एक मिलिमीटर तरी दबावा लागतो. एवढे जमले की हिशेबाने थरथरीचा आठवा हिस्साच खाली उतरतो. रबर हिशेबाइतके गुणी नसते, म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त. मग आम्ही जाड शहाबादी फरशीचा एक तुकडा आणला, पंप त्याच्यावर बसवला, आणि फरशीच्या चार कोपऱ्यांखाली मऊ रबराचे पॅड ठेवले. फरशीला जमिनीशी कुठेही बोल्ट नाही. पंपाला जोडलेले ताठ पाइप काढून दोन्ही बाजूंना जाळीचे लवचिक पाइप लावले, नाहीतर खालून अडवलेली थरथर नळातून उतरते. नळ भिंतीच्या ज्या भोकातून जातो तिथले सिमेंट खरवडून मऊ वेष्टण भरले. भिंतीवरच्या पत्र्याच्या पट्ट्या जाऊन रबर लावलेल्या पट्ट्या आल्या. टाकीकडून येणारा पाइप अर्ध्या इंचाचा होता, तो एक इंचाचा केला. कारण पंपाला पुरेसे पाणी मिळाले नाही की त्याच्या पोटात बुडबुडे फुटतात आणि तो खडे भरडल्यासारखा आवाज करतो. आमच्या जड पाण्याचा क्षारही आत धरला होता, तो काढला.

दोन दिवस गेले. मी खाली गेलो, फोन केला, दांडीवर हात ठेवला. मला काहीच लागेना. आजोबांनीही हात ठेवला, डोळे मिटले. चाळीस वर्षे शेकडो मागांच्या खटखटीत स्वतःच्या मागाचा बिघाड पायांनी ओळखणारा हात-पायांचा तो जाणकार. म्हणाले, ‘‘आहे अजून. थोडं आहे. चालतंय.’’

हे ‘थोडं आहे’ मी मनात जपून ठेवले आहे. कारण त्या क्षणी मला दोषमुक्तीचा दाखला हवा होता, आणि तो मिळाला नाही. मिळायला नकोच होता. कोणतेही पॅड थरथर शून्यावर आणत नाही. जगणे म्हणजे काही ना काही हलवणे आहे. जैन आचारात ईर्यासमिती नावाचा एक नियम आहे: चालताना पुढची जमीन पाहून, जपून पाऊल टाकायचे, म्हणजे पायाखाली जीव चिरडणार नाही. ज्या गावातून जीवराज जैन ग्रंथमाला निघाली त्या गावात राहत असल्याने हा शब्द माझ्या कानावर पुष्कळदा आलेला आहे. पूर्वी मला तो अतिरेक वाटे. आता वाटते, त्यात चालणे बंद करा असे कुठे म्हटले आहे? पाहून चाला, एवढेच म्हटले आहे. अडचण इतकीच की आज आपले पाऊल आपण टाकतो तिथेच पडत नाही. ते काँक्रीटमधून, नळातून, तारेतून जाऊन भलत्याच ठिकाणी उमटते. आणि पुढची जमीन म्हणजे कधी कधी खालचे छत असते.

कुणी म्हणेल, अशा रीतीने प्रत्येक गोष्टीसाठी खाली उतरून विचारत बसलो तर माणसाने आंघोळ केव्हा करावी? आक्षेप रास्त आहे. मी घेतलेला प्रत्येक श्वास कुणाला विचारून घेणार नाही. पण माझ्या पुरता मी एक नियम केला आहे. आपल्या घरात एखादी नवी सोय आली की, ती जिथे बसवली तिथे नव्हे, तर तिची दुसरी बाजू जिथे निघते तिथे एकदा जाऊन बसायचे. एकदाच. त्रास होतो का, असे दारातून विचारायचे नाही. त्याला भिडस्त माणूस ‘छे छे’ म्हणतो. बसायचे, आणि जमल्यास आडवे व्हायचे.

आणखी एक बदल केला. पंप आता सकाळी साडेसहानंतरच चालतो. डॉक्टरांनी दहा मिनिटे सांगितली होती, पाचची वेळ काही त्यांनी सांगितली नव्हती. ती माझ्या पुण्याईची हौस होती. पहाटे उठतो, पण बादली घेतो, डाव्या हाताने. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात दहा मिनिटांच्या धारेखाली चारपाच बादल्या वाहून जात होत्या, हेही मला त्यानिमित्ताने दिसले. ते आता सहा मिनिटांवर आले आहे. खांदा कुरकुरतो. तेवढी कुरकुर माझ्या घरातच राहते.

वर्तमानपत्रांत मी अजूनही पत्रे लिहितो. ध्वनिवर्धकांच्या भिंती माझ्या पश्चात्तापाने लहान झालेल्या नाहीत, आणि त्यांच्याविरुद्ध बोलायलाच हवे. फक्त पत्र पुरे झाले की पाकिटात घालण्यापूर्वी मी मागल्या बाल्कनीत जातो आणि फरशीला हात लावून पाहतो. परवा पॅड एका कोपऱ्याला कडक झाल्यासारखे वाटले. रबर काळाने आपला मऊपणा सोडते, असे मित्राने बजावले होते. दर दोनतीन वर्षांनी बदलावे लागेल. मी खाली जाऊन आजोबांना विचारले. ते अंगणातून नुकतेच आले होते, हात पुसून कॉटवर बसले आणि दांडीवर तळवा ठेवून माझ्याकडे पाहू लागले. मी फोन काढून वर लावला.